अर्धे पैसे परत आले

मागच्या दिवाळीत आम्ही अकरा जण दोन गाड्यांनी जळगावहून दापोलीकडे निघालो. तापी-गिरणेच्या काठी वाढलेल्या माणसाला समुद्राचं अप्रूप असतंच, त्यात आमच्या चोपड्याच्या मावशीने सत्तरी उलटली तरी समुद्र पाहिलेला नव्हता. तिने दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि ठेचा असा शिधा बांधून घेतला होता. रात्रभर प्रवास करून सकाळी दहाच्या सुमारास आम्ही आगाऊ ठरवलेल्या भाड्याच्या बंगल्याच्या फाटकाशी पोचलो, तर आतल्या दोरीवर दुसऱ्याच कुणाचे कपडे वाळत होते. राखणदार म्हणाला, "हे तर परवाच दुसऱ्यांना दिलं. मालकांशी बोला." मालकांचा फोन दोनदा वाजला आणि मग बंद झाला.

मी फाटकापाशी उभा राहून फोन लावत होतो, पोरं रडकुंडीला आली होती. मावशी म्हणाली, "पैसा जाऊ दे रे बाबा, पहिले पोरेसले खावाले दे." दशम्यांचं गाठोडं रस्त्याच्या कडेलाच सोडलं. दुपारी गावातल्या एका घरात दोन खोल्या मिळाल्या, संध्याकाळी मावशीने समुद्रही पाहिला. सुट्टी निभावली. मला लिहायचं आहे ते त्या बंगल्यासाठी दिलेल्या अठरा हजार रुपयांबद्दल.

त्यातले नऊ हजार मी बुकिंगच्या संकेतस्थळावर क्रेडिट कार्डाने भरले होते. दुसऱ्या दिवशी मालकाचा फोन आला, की उरलेले थेट माझ्या क्यूआरवर टाका, कमिशन वाचेल, एक वेळचा नाश्ता मी माझ्याकडून देतो. मी टाकले. ही चूक माझी होती. पण घरी विचारून पाहा, ती कुणी केलेली नाही असं घर सापडणं कठीण आहे.

जळगावला परतल्यावर कार्डाच्या व्यवहारावर बँकेत डिस्प्युट टाकला. फाटकाचा फोटो, बुकिंगची पावती, मालकाने वाचूनही उत्तर न दिलेले संदेश, सगळं जोडलं. दीडेक महिन्यात नऊ हजार परत आले. क्यूआरच्या नऊ हजारांचं विचारलं तेव्हा त्याच काउंटरवर उत्तर मिळालं, "पिन तुम्हीच टाकला ना? मग आम्ही काय करणार?"

घर एक, रात्र एक, फसवणूक एक. पैसे वेगळ्या रस्त्याने गेले एवढाच फरक, आणि तेवढ्यावर निम्मे आले, निम्मे बुडाले. माझं म्हणणं एवढंच आहे की ग्राहकाचा हक्क पैशाच्या रस्त्यावर ठरू नये. रावेरचा केळी उत्पादक फोनवरून पैसे पाठवतो आणि पुण्यातला नोकरदार क्रेडिट कार्ड वापरतो. दोघांनी एकाच खोलीचे आगाऊ पैसे भरले असतील, तर खोली न मिळाल्यावर दोघांना सारखीच दाद मिळाली पाहिजे. आज ती मिळत नाही.

कार्डाचे पैसे परत आले ते कशाच्या जोरावर, हे आधी पाहू. याला चार्जबॅक म्हणतात. सेवा मिळाली नाही, अशी तक्रार ग्राहकाने आपल्या बँकेकडे केली, की बँक कार्डाच्या जाळ्यामार्फत, म्हणजे व्हिसा, मास्टरकार्ड यांसारख्या कंपनीमार्फत, व्यापाऱ्याच्या बँकेकडून पैसे मागे ओढते आणि सेवा दिल्याचा पुरावा व्यापाऱ्याला द्यावा लागतो. मोठ्या कार्ड-जाळ्यांमध्ये त्याची मुदत सेवेच्या ठरलेल्या तारखेपासून साधारण १२० दिवसांची असते. डेबिट कार्डालाही ही सोय लागू असते, हे बऱ्याच जणांना माहीत नाही. मात्र ही सोय संसदेने दिलेली नाही. तो कार्ड कंपन्यांचा आपापसातला नियम आहे. आज आहे, उद्या त्यांनी बदलला तर आपण कुणापाशी भांडणार?

ब्रिटनमध्ये हीच गोष्ट कायद्यात आहे. तिथल्या १९७४च्या ग्राहक कर्ज कायद्याचं ७५वं कलम सांगतं, की शंभर पौंडांहून अधिक आणि तीस हजार पौंडांपर्यंत किमतीची वस्तू किंवा सेवा क्रेडिट कार्डावर घेतली आणि विकणाऱ्याने करार मोडला, तर कार्ड देणारी बँकही विकणाऱ्याइतकीच जबाबदार. विकणारा दिवाळखोर झाला, पळून गेला, तरी ग्राहक बँकेला धरू शकतो. पन्नास वर्षांत तिथल्या बँका त्यामुळे बुडाल्या नाहीत. उलट आपल्या यंत्रावर कुणाला व्यापारी म्हणून घ्यायचं, याची चौकशी त्यांना करावी लागते.

आपल्याकडे कायदा नाही असं कुणी म्हणू नये. पुष्कळ आहे आणि त्यातला बराच चांगला आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हा जुलै २०२० मध्ये लागू झाला आणि त्याच महिन्यात ई-कॉमर्सचे नियम आले. संकेतस्थळाने तक्रार अधिकारी नेमायचा, त्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात तक्रार निकाली काढायची, हे त्यातलंच. ग्राहकाची संमती आधीच खूण केलेल्या चौकटीतून गृहीत धरायची नाही, हेही त्यातच आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 'डार्क पॅटर्न' रोखणाऱ्या मार्गदर्शक सूचना काढल्या. 'शेवटची एकच खोली शिल्लक' असं खोटं सांगून घाई करायला लावणं, किंवा चार हजारांची खोली दाखवून शेवटच्या पानावर स्वच्छतेचे, सोयीचे आणि कशाकशाचे पैसे चढवणं अशा तेरा युक्त्या त्यात नावानिशी दिल्या आहेत. अमेरिकेने खोल्यांच्या छुप्या शुल्कांवरचा नियम मे २०२५ पासून लागू केला. म्हणजे या बाबतीत आपण मागे नाही.

सगळ्यात मोलाची तरतूद म्हणजे ग्राहकाला आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. बंगला दापोलीत असो की गोव्यात, तक्रार जळगाव, धुळे किंवा नंदुरबारच्या जिल्हा ग्राहक आयोगात चालते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकील लावलाच पाहिजे असं नाही, मुदत दोन वर्षांची. पूर्वी विरुद्ध पक्षाच्या गावी खेटे घालावे लागतील या धास्तीनेच माणूस गप्प बसायचा.

मग अडतं कुठे? रिझर्व्ह बँकेच्या दारात. तिने ६ जुलै २०१७ रोजी एक परिपत्रक काढलं. आपल्या परवानगीशिवाय खात्यातून पैसे गेले, त्यात आपला निष्काळजीपणा नसेल आणि तीन कामकाजाच्या दिवसांत बँकेला कळवलं, तर आपली जबाबदारी शून्य. बँकेने दहा कामकाजाच्या दिवसांत रक्कम खात्यात जमा दाखवायची, नव्वद दिवसांत प्रकरण संपवायचं आणि ग्राहकाची चूक असेल तर ती सिद्ध करण्याचं ओझंही बँकेवरच. परिपत्रक चांगलं आहे. पण ते चोरीसाठी आहे. कुणी आपल्याला थाप मारून आपल्याच हाताने पिन टाकायला लावला, किंवा पैसे घेऊन खोली दिलीच नाही, तर ती या परिपत्रकाच्या हिशेबी चोरी ठरत नाही. क्यूआर जर नोंदणी केलेल्या व्यापाऱ्याचा असेल, तर सेवा मिळाली नाही अशी तक्रार निदान नोंदवता तरी येते. पैसे एखाद्याच्या साध्या बचत खात्यात गेले की तोही रस्ता बंद. सुट्टीतली घरं भाड्याने देणारे बरेच मालक नेमके बचत खात्याचा क्यूआर पुढे करतात. मी पैसे टाकले तो तसाच होता.

१९३० या सायबर मदतक्रमांकावरही फोन केला. खोटी जाहिरात टाकून गायब होणाऱ्यांचे पैसे गोठवायला तो क्रमांक खरोखर उपयोगी आहे, पहिल्या तासा-दोन तासांत फोन केला तर विशेषच. पण माझा मालक गायब झालेला नव्हता. घर होतं, राखणदार होता, फक्त आमचं बुकिंग त्याने जास्त पैसे देणाऱ्याला विकलं होतं. हा देण्याघेण्याचा वाद आहे, ग्राहक आयोगात जा, असं मला सांगण्यात आलं.

आता दुसरी बाजू. जुलैमध्ये आम्ही तोरणमाळला गेलो होतो. सातपुड्यात वर ढग उतरलेले, यशवंत तलाव भरलेला, आणि ज्यांच्याकडे उतरलो त्यांच्या तीन खोल्या. चुलीवरच्या जेवणाची वाट पाहत बसलो असताना मालकांनी सांगितलं, की पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी शहादा, नंदुरबार, धुळ्याकडून फोनवर खोल्या अडवतात, तोंडी हो म्हणतात आणि येतच नाहीत. कोंबडी आणलेली असते, पीठ मळलेलं असतं, दारात आलेल्या दोन कुटुंबांना परत पाठवलेलं असतं. आगाऊ पाचशे रुपये घेतले तर लोक त्यावरही वाद घालतात. वर रेंज कधी असते, कधी नसते. त्यामुळे 'पैसे आले का' हेच कळायला तास जातो. हा माणूस लबाड नाही आणि मी ज्या नियमांची मागणी करतो आहे ते त्याला बुडवणारे असतील, तर ते नियम मला नकोत.

आपल्याकडे इसाराची रीत जुनी आहे. जमिनीच्या सौद्यात इसार देणारा फिरला तर इसार बुडतो, घेणारा फिरला तर त्याने परत करायचा. शब्द दोन्ही बाजूंनी बांधलेला असतो. ई-कॉमर्सच्या नियमांतही नेमकं हेच आहे: कंपनीने स्वतःहून बुकिंग रद्द केलं तर तीही तसाच भुर्दंड सोसणार असेल, तरच तिने ग्राहकाकडून रद्द करण्याचे पैसे घ्यावेत. प्रत्यक्षात काय दिसतं? ग्राहकाने रद्द केलं तर 'परतावा नाही' हे बारीक अक्षरांत, आणि मालकाने रद्द केलं तर फक्त दिलगिरी.

'परतावा नाही' असं छापलं म्हणून ते कायद्यात बसतं, असंही नाही. १८७२च्या करार कायद्याच्या ७४व्या कलमानुसार करार मोडल्याबद्दल वाजवी भरपाईच मागता येते. करारात लिहिलेला आकडा ही तिची कमाल मर्यादा असते. सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्ये फतेहचंद यांच्या खटल्यात हे स्पष्ट केलं. तोरणमाळच्या मालकाची कोंबडी आणि रिकामी गेलेली खोली ही खरी भरपाई आहे, ती त्यांना मिळालीच पाहिजे. पण वीस दिवस आधी रद्द केलेली खोली त्याच दरात दुसऱ्याला दिली असेल, तर पहिल्याचे सगळे पैसे ठेवून घ्यायला आधार कुठला? एका खोलीचं एका रात्रीचं भाडं दोनदा घेणं, यापलीकडे त्याला काही म्हणता येत नाही.

इथे कायद्यातली एक गाठ मला फार खटकते. २०१९च्या कायद्याने 'अन्याय्य करार' ही कल्पना आणली. नुकसानीच्या मानाने अवाच्या सवा दंड लावणारी किंवा एकाच बाजूला करार मोडायची मुभा देणारी अट अन्याय्य ठरवून रद्द करता येते. आपल्या विषयाला हे चपखल बसतं. पण हा अधिकार राज्य आयोगाला आणि राष्ट्रीय आयोगाला दिला, जिल्हा आयोगाला नाही. नऊ हजारांच्या छापील अटीविरुद्ध नवापूरच्या किंवा बोदवडच्या माणसाने राज्य आयोगाकडे जायचं? गाडीभाडं आणि बुडालेली मजुरी यांतच नऊ हजार संपतील. दाराशी न्याय, ही या कायद्याची सगळ्यात मोठी देणगी, आणि पर्यटकाला जो वाद बहुतेकदा पडतो तोच दारापासून उचलून दूर ठेवला आहे. संसदेने हा अधिकार जिल्हा आयोगाला द्यावा.

ग्राहक आयोग म्हणजे काय हे खान्देशाला शिकवावं लागत नाही. पतसंस्थांत ठेवी अडकल्या तेव्हा निवृत्त शिक्षक, विधवा बाया, भाजीवाले या आयोगाच्या पायऱ्या चढले. पुष्कळांच्या बाजूने आदेश झाले. पैसे मात्र अनेकांच्या हातात आलेच नाहीत, कारण आदेश झाला तोवर तिजोरीत काही उरलं नव्हतं. आयोगाचा आदेश पाळला नाही तर तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे, पण कैदेने ठेव परत येत नाही. त्या अनुभवातून मी एवढं शिकलो, की पैसे एकदा समोरच्याच्या खिशात गेले की कागदावरचा हक्क लुळा पडतो. म्हणून प्रश्न सोडवायचा तर पैसे खिशात जाण्याच्या आधी सोडवला पाहिजे.

आणि ते अशक्य नाही. घर बांधणाऱ्यांच्या बाबतीत आपण ते केलं आहे. २०१६च्या स्थावर संपदा कायद्याने, ज्याला आपण रेरा म्हणून ओळखतो, ग्राहकांकडून घेतलेल्या रकमेतले सत्तर टक्के वेगळ्या खात्यात ठेवायला लावले आणि काम होईल तसेच ते काढायची मुभा दिली. ऑनलाइन पैसे गोळा करणाऱ्या मध्यस्थ कंपन्यांना रिझर्व्ह बँकेने मार्च २०२० मध्येच ग्राहकाचे पैसे एस्क्रो खात्यात, म्हणजे कुणालाच परस्पर वापरता येणार नाहीत अशा खात्यात ठेवायला सांगितलं. एअरबीएनबी आजही यजमानाला पैसे पाहुणा पोचल्यावर साधारण चोवीस तासांनी सोडते. म्हणजे तंत्र आहे, खातं आहे, सवयही आहे. फक्त ते कंपनीच्या मर्जीवर सोडलं आहे. राहण्याच्या जागेसाठी घेतलेली आगाऊ रक्कम, पाहुण्याला किल्ली मिळेपर्यंत, अशा खात्यातच राहील असा नियम करावा. तोरणमाळच्या मालकाला पीठ-कोंबडीला पैसे आधी लागतात, तर चौथा हिस्सा त्याला लगेच मिळावा. पाहुणा आलाच नाही, तर खात्यातून त्याची वाजवी भरपाई आपोआप निघावी. पाचशे रुपयांसाठी फोनवर भांडत बसण्यापेक्षा त्यालाही हे बरं पडेल.

माझ्यासारखे लोक मग कमिशन वाचवायला थेट क्यूआरवर पैसे टाकतीलच, हा आक्षेप खरा आहे. त्याला उपाय दोन. जो माणूस नियमित खोल्या भाड्याने देतो, त्याने व्यापारी खात्याचाच क्यूआर दिला पाहिजे. दुसरं, प्रत्येक जाहिरातीवर आणि प्रत्येक क्यूआरच्या खाली नोंदणी क्रमांक. गोव्याने पर्यटन व्यवसायाच्या नोंदणीचा कायदा १९८२ मध्येच केला. आपल्याकडे राज्याची निवास-न्याहारी योजना आहे, २०२०चं कृषी पर्यटन धोरण आहे, पण त्यांतली नोंदणी मुख्यतः सवलतींशी जोडलेली आहे. सवलत नको असलेला मालक नोंदणीशिवाय राहतो आणि त्याच्याशी व्यवहार करणाऱ्याला तो नेमका कोण हे कळत नाही. सारंगखेड्याच्या यात्रेतले तंबू असोत, फर्दापूरजवळच्या खोल्या असोत की पालजवळचं शेतघर, नाव, पत्ता आणि क्रमांक लावायला प्रामाणिक माणसाला काही त्रास नाही.

हे व्हायला वेळ लागेल. तोवर निदान आगाऊ रक्कम कार्डाने भरा, बुकिंगचं बोलणं लेखी ठेवा आणि गडबड झाली तर त्याच दिवशी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक मदतक्रमांकावर तक्रार नोंदवा. बँक दाद देत नसेल तर तीस दिवसांनी रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट जाता येतं. पण सावध राहण्याची सगळी जबाबदारी पैसे देणाऱ्यावरच टाकून भागणार नाही. घरातल्या प्रत्येक माणसाने चार्जबॅकचे नियम पाठ करावेत आणि मगच समुद्र पाहायला जावं, अशी अपेक्षा कुठल्या तोंडाने करायची?

मी उरलेल्या नऊ हजारांसाठी जळगावच्या जिल्हा आयोगात तक्रार करायचं ठरवलं. अर्ज लिहिला, कागद लावले, आणि 'विरुद्ध पक्षाचा पूर्ण पत्ता' या रकान्यापाशी थांबलो. माझ्याकडे त्याचं नाव होतं, मोबाइल क्रमांक होता आणि क्यूआर होता. बँकेकडे त्याची ओळख, घरचा पत्ता सगळं आहे, कारण ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा दिल्याशिवाय खातंच उघडत नाही. पण बँक ते मला देत नाही, आणि परक्याचा पत्ता कुणालाही देऊ नये हे बरोबरही आहे. कागद मागवण्याचे अधिकार आयोगाला आहेत, पण ते तक्रार उभी राहिल्यानंतर. नुसत्या खाते क्रमांकावर तक्रार नोंदवून घ्यावी आणि नोटीस बँकेमार्फत पोचवावी, एवढा बदल नियमांत केला तरी माझ्यासारख्या अनेकांचा अर्ज पुढे सरकेल.

शेवटी मी बंगल्याच्याच पत्त्यावर रजिस्टर्ड पोस्टाने नोटीस पाठवली. नोटीस घ्यायला नकार दिला असता तरी कायद्याने ती पोचली असं धरता आलं असतं. तीन आठवड्यांनी लिफाफा परत आला. त्यावर पोस्टमनने निळ्या पेनाने लिहिलं आहे, 'पत्ता अपुरा'.